सतरंजीला शिवलेली वाकळ

माझी ओळख करून देताना हल्ली लोक मला 'टेक्स्टाईल आर्टिस्ट' म्हणतात आणि मी पदर सावरून गंभीर चेहरा करते. पहिल्यांदा हे नाव माइकवरून ऐकलं तेव्हा वाटलं, आता कुणी दुसरी बाई येणार आहे. म्हणून मी खुर्चीवरून उठून तिला जागा करून द्यायला लागले. संयोजकांनी दंडाला धरून परत बसवलं. आमच्या परभणीकडं याला सरळ 'वाकळी शिवणारी' म्हणतात. पुण्यामुंबईकडची गोधडी तीच आमची वाकळ. जुनी लुगडी, विरलेली धोतरं, कोपर गेलेले सदरे एकावर एक अंथरायचे आणि कडेपासून आत शिवत जायचं, संपलं. त्यात आर्ट नेमकी कुठून शिरली ते मला अजून कळलेलं नाही. पण आर्टिस्ट म्हटलं की चहाबरोबर बिस्किटं येतात, तेव्हा मी कशाला तक्रार करू!

पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ताई, तुमची प्रेरणा कोण?" विचारणाऱ्याला एक आजी हवी असते, थरथरत्या बोटांनी सुईत दोरा ओवणारी. आता काय सांगू? माझी आजी मी जन्मायच्या आधीच गेली आणि आई सांगायची त्याप्रमाणं तिला साधं बटण लावता येत नव्हतं. माझी खरी प्रेरणा म्हणजे आमच्या विहाराची सतरंजी. पण हे बोलायला घेतलं की समोरचा माणूस घड्याळ बघतो, म्हणून ती हकिगत इथं सावकाश, माझ्या मनासारखी लिहून काढते. इथं कोणी घड्याळ बघितलं तरी मला दिसणार नाही.

चुडाव्याच्या स्टेशनावरून चालत यावं एवढ्या अंतरावर आमचं गाव. घर पत्र्याचं, पुढं एक खोली, मागं चूल. गाडी गेली की मांडणीवरची भांडी एकमेकांशी बोलायची. आईकडं घड्याळ नव्हतं, तिचा सगळा स्वयंपाक रेल्वेवर चालायचा. सकाळच्या गाडीला चूल पेटवायची, दुपारच्या मालगाडीला कालवण उतरवायचं. गाडी लेट झाली की आमची भाकरीही लेट. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत गुरुजी. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं आणि ते दिवसभर त्या घड्याळाची बाजू घेऊन आईशी भांडायचे. आई म्हणायची, "तुमचं घड्याळ एकट्याचं हाय, गाडी समद्या गावाची हाय." येसराची आमटी मात्र ती अशी करायची की पहिल्या भुरक्याला अण्णांचं भांडण विरघळायचं. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. उकळत्या पाण्यात घातलं की शेजारच्या शेवंताकाकूला वासानंच कळायचं आणि ती रिकामी वाटी घेऊन 'सहज' यायची.

अण्णांना दोन गोष्टींचा भयंकर राग, अंधश्रद्धा आणि उशीर. आईजवळ दोन्हींचा साठा होता. आमचं घर बौद्ध. देव्हारे, नवस, अंगारे सगळं कधीच बंद झालेलं. आईनंही ते मनापासून सोडलं होतं. पण वाकळीच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. वाकळ उपाशी ठेवायची नाही, हा तिचा नियम. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा घालायचा, मग वरून टाके. उपाशी वाकळ पांघरणाऱ्याला झोप लागू देत नाही म्हणे. अण्णा चिडायचे, "अगं, शास्त्रीय आधार काय याला?" आई म्हणायची, "देव सोडा मनलात, सोडले. वाकळ काय देव हाय का सोडायला?" या युक्तिवादापुढं अण्णा हात टेकायचे. जाता जाता एवढंच बजावायचे, "मुंग्या होतील." आई म्हणायची, "होऊ द्या की. त्यांनाबी पोट हाय."

आता ती सतरंजी. वस्तीनं मिळून विहारासाठी घेतलेली, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, दहा माणसं ऐसपैस बसून वर वाद घालतील एवढी. विहाराचे पत्रे गळत होते म्हणून ती आमच्या घरी असायची, अण्णांच्या ताब्यात. ती बाजेखाली विटांवर ठेवलेली, सुतळीनं बांधलेली, वर जुनं पोतं. तिच्यावर चप्पल नको, चहा नको, तेलाचं डोकं नको. मी लहान असताना एकदा तिच्यावर शेंगा फोडल्या, तर अण्णांनी मला सार्वजनिक मालमत्ता या विषयावर असं भाषण दिलं की शेंगा थंडच काय, शिळ्या झाल्या. आई म्हणायची, "माझ्या लग्नातबी ह्यांनी माझ्याकडं एवढं बघितलं न्हवतं."

आणि वहिनी. सुनंदावहिनी मानवतची. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सरकीच्या ढिगांवर खेळून मोठी झालेली, उंचीपुरी. हसायला लागली की थांबता थांबायची नाही. आमच्या घरात तोवर कुणी मोठ्यानं हसत नसे. अण्णा गुरुजी म्हणून आणि दादा स्वभावानं. माझा दादा रेल्वेत खलाशी, रुळांच्या कामावर. रुळाला कुठं काय झालंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचा, पण तोंडातून शब्द काढायला त्याला सिग्नल लागायचा. वहिनी आली आणि घर एकदम उजेडात आल्यासारखं झालं. ती माझ्या वेण्या घालता घालता अण्णांची नक्कल करायची, अगदी चष्मा नाकावर ढकलण्यासकट. एकदा अण्णाच दारात उभे. वहिनीची बोटं माझ्या केसांत तशीच अडकली. अण्णा म्हणाले, "चष्मा उजव्या हातानं ढकलतो मी," आणि आत गेले. त्या दिवशी ती एवढी हसली की शेवंताकाकू भिंतीपलीकडून ओरडली, "मलाबी सांगा की गं, मी काय पाप केलंय!"

त्या वर्षी तिला दिवस गेले. तिनं बाळासाठी छोटी वाकळ शिवायला घेतली, दादाचा निळा सदरा आणि तिच्या आईचं मऊ झालेलं लुगडं घालून. मधला चौकोन तेवढा शिवून झाला होता. सातव्या महिन्यात तिला दवाखान्यात नेलं आणि ती रिकाम्या ओटीनं परत आली. मुलगा होता. यापेक्षा जास्त मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आता मला जास्त सांगावंसं वाटत नाही.

आल्यापासून ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. रडली असती तर बरं झालं असतं, पण ती रडेना. आईनं येसराची आमटी केली, धपाटे केले, शेवटी अण्णांच्या विरोधाला न जुमानता कोंबडी कापली. ताट जसंच्या तसं परत यायचं. आणि एक गंमत बघा, गंमत कसली म्हणा. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की तिच्यासमोर बाळाचा विषय काढायचा नाही. शेजारच्या बाया यायच्या आणि भाव, पाऊस, म्हशी यांवर बोलून जायच्या. दादा कामावरून येऊन उंबऱ्यावर बसायचा आणि आतल्या शांततेकडं कान लावून राहायचा. रुळाचं सगळं कळणाऱ्या त्या माणसाला घरातलं काही कळत नव्हतं. मला फार राग यायचा त्याचा. आता कीव येते.

मग मानवतहून निरोप आला. वहिनीचा थोरला भाऊ अप्पा रविवारी येणार आणि सुनंदाला घेऊन जाणार. पुढचं मग बघू. या 'मग बघू'चा अर्थ गावात सगळ्यांना ठाऊक होता. अशी माहेरी गेलेली पोर परत येत नसे. तिकडं कुणीतरी म्हणायचं, तिला त्या घरात आठवणी येतील. इकडं कुणीतरी म्हणायचं, पोरगं अजून तरणं आहे. आणि बघता बघता दोन्हीकडच्या माणसांना ते पटायचं. अण्णा तत्त्वाचे पक्के. ते म्हणाले, "तिची इच्छा असेल तर आपण आडवं येऊ नये."

"इच्छा हाय का न्हाई ते तिला तरी कळायलंय का?" आई म्हणाली. "पडून हाय बिचारी. धोंड्याला ईचारल्यावानी हाय ते."

"वहिनी गेली तर मीपण जाणार," मी जाहीर केलं.

"कुठं?" अण्णांनी विचारलं. याचा मी विचार केला नव्हता, त्यामुळे तो विषय तिथंच संपला.

रविवारीच सकाळी विहारात अण्णांनी एक व्याख्यान ठेवलं होतं. परभणीचे एक निवृत्त साहेब अंधश्रद्धेवर बोलायला येणार होते. शनिवारी शाळा सुटल्यावर अण्णा घरून सायकलवर पूर्णेला लाऊडस्पीकर ठरवायला गेले. ते वळणावरून दिसेनासे झाले आणि आईनं ट्रंकेतून ती छोटी वाकळ बाहेर काढली. एवढे दिवस ती कुणाच्या डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून आम्ही ट्रंकेवरच दुसरी ट्रंक ठेवली होती.

"आता काय करायलीस?" मी कुजबुजले.

"अशी अर्धवट ठेवायची न्हाई घरात," आई चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, भिंतीकडं बघत. "एक तर उसवायची, न्हाईतर मोठी करायची."

"उसवायचं नाव काढू नगंस!" शेवंताकाकू दारातून म्हणाली. तिला आधीच बोलावलेलं होतं. तिच्यामागं गयाबाई, डोक्यावर नवऱ्याच्या जुन्या धोतरांचं गाठोडं. गयाबाई मराठ्यांच्या आळीतली, शेतीवाडी असलेली. वाकळ शिवायची म्हटलं की गावातल्या कुठल्याही आळीतली बाई कुठंही जाऊन बसायची, हा जुना रिवाज. आमच्या घरी बसायला, शिवायला, भांडायला गयाबाईची काही हरकत नसे. फक्त चहा पुढं केला की तिला पित्त व्हायचं. वर्षानुवर्षं तिला आमच्याच दारात बरोबर पित्त व्हायचं आणि आम्हीही ते खरं मानायचो.

जमीन शेणानं सारवलेली, खाली घालायला काही मोठं हवं. आईनं बाजेखाली बघितलं. मी म्हणाले, "आई, नको." तिनं पोतं बाजूला केलं, सुतळी सोडली आणि सार्वजनिक मालमत्ता दारापासून आतल्या भिंतीपर्यंत अंथरली. टोक मुद्दाम वहिनीच्या पाठीला टेकवलं. त्यावर धोतरं, लुगडी पसरली, ती छोटी वाकळ बरोबर मधोमध ठेवली आणि तिघी तीन कोपऱ्यांना बसल्या. चौथा कोपरा वहिनीपाशी होता.

कुणी तिला उठ म्हटलं नाही. शेवंताकाकूनं तोंड उघडलं आणि तिच्या शेळीनं नवऱ्याचा एस्टीचा पास कसा खाल्ला याची गोष्ट सुरू केली. शेळीनं पास खाल्ला, मग नवरा शेळीलाच घेऊन गाडीत चढला, कंडक्टरला म्हणाला, पास हिच्या पोटात आहे, बघून घ्या. कंडक्टर म्हणाला, मग पास शेळीचा, तुमचं तिकीट काढा. गयाबाई हसून हसून सुई टोचून घ्यायची. चौथा कोपरा कुणी धरलेला नसल्यानं कापड तिकडून गोळा व्हायला लागलं. आई नुसती म्हणाली, "तिकडून सळ पडायलाय गं." कुणालाच म्हणाली तशी.

मग वहिनी उठून बसली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिनं कापड ताणलं, बाजूची सुई घेतली आणि शिवायला लागली. तिघींनी एकमेकींकडं बघितलं. शेवंताकाकूची गोष्ट संपत आली होती. पण थांबलो तर पोरगी परत आडवी होईल या भीतीनं तिनं दुसरी शेळी काढली, मग मेहुण्याची शेळी काढली, मग मेहुणाच काढला. एवढं न थांबता बोलताना मी तिला त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही, आणि हे शेवंताकाकूच्या बाबतीत म्हणणं म्हणजे फार झालं. वहिनी सरकत सरकत मधल्या चौकोनापर्यंत आली. त्याच्या कडेकडेनं घट्ट, खोल टाके घालत गेली. सुई अशी खुपसायची की जणू जमिनीत काही पुरायचंय.

दिवस कलला. आई म्हणाली, "बास आता, गुंडाळू." तिनं कड धरून उचलली. कड आली. मध्य येईना. तिनं जोर लावला तर पायाखालची सतरंजी उठली आणि पाण्याचा तांब्या कलंडला.

"आगं बया," गयाबाई म्हणाली. "हे तर खालच्यासकट शिवलंय."

आणि तेवढ्यात बाहेर सायकलची घंटा वाजली.

त्या तिघी इतक्या चपळाईनं परत खाली बसल्या की तेवढ्या चपळाईनं मी पुढं लग्नाच्या पंगतीतही कुणाला बसताना पाहिलं नाही. अण्णा दारात आले. आधी खालच्या निळ्या-तांबड्या पट्ट्या दिसल्या, मग ओला झालेला भाग दिसला. नाकावरचा चष्मा त्यांनी ढकलला. उजव्या हातानं.

"ही सतरंजी आहे," अण्णा म्हणाले.

"व्हय. बसलोय तिच्यावर," आई म्हणाली. "चहा घेता?"

"चहा नको. सतरंजी द्या. आत्ताच विहारात नेऊन ठेवतो."

"आलाय तर घोटभर घ्या की. मंदा, चहा ठेव." मंदा म्हणजे मी. "समद्यांना ठेव."

मी चहा ठेवला. चहा झाला, बाया उठेनात. अण्णा घड्याळ बघत उभे. आईनं दुसरा चहा ठेवायला सांगितला. आता हातात कप असल्याशिवाय बसून राहायला दुसरं निमित्तच उरलं नाही. तेव्हा गयाबाईनं माझ्याकडं बघितलं, हात पुढं केला आणि म्हणाली, "आन इकडं, मलाबी." आणि फुंकर मारून आमच्या घरचा चहा प्याली. वर म्हणाली, "साखर कमी हाय." त्या दिवसापासून तिचं पित्त गेलं, ते कायमचंच.

अण्णांचा संयम दुसऱ्या चहानंतर संपला. त्यांनी सतरंजीचं टोक धरून ओढलं. शेवंताकाकू कपबशीसकट त्यांच्या दिशेनं घसरत आली.

"गुरुजी, हळू! शिवलंय!"

"काय शिवलंय?"

"सतरंजी."

अण्णा खाली वाकले. त्यांनी कड उचलून आत बघितलं, मग सरळ उभे राहून शाळेतल्या आवाजात विचारलं, "कुणी केलं हे?"

तिन्ही बायांनी माना खाली घातल्या. मीही घातली, सवयीनं.

"मी, मामंजी."

वहिनीचा तो आवाज आम्ही विसरत चाललो होतो. घोगरा झाला होता. "मला कळलंच न्हाई. सुई आत जायली, मी घालत गेले."

शेवंताकाकू म्हणाली, "बरं झालं गुरुजी, तुमी मधी बसला न्हवतात. तुमालाबी शिवून टाकलं असतं पोरीनं!"

वहिनीच्या ओठाचा कोपरा हलला. मग खांदे हलले. मग ती हसली. तेच तिचं जुनं, न आवरणारं हसणं. तिच्यामागून शेवंताकाकू हसली, मग गयाबाई, आणि उंबऱ्याबाहेर कामावरून आलेला दादा उभा होता तो डोक्याची टोपी काढून आत बघायला लागला. हसता हसताच वहिनीचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून, पोटातून, गुरासारखी हंबरून. "त्याच्यासाठी शिवली होती, आत्याबाई. त्याचीच होती. हातात आली आन् वाटलं, आता तरी घट्ट धरून ठेवावं." आई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणत राहिली, "त्याचीच हाय. त्याचीच हाय गं माय." सगळ्या रडल्या. गयाबाई तर मोठ्यानं रडली. नंतर कळलं, तिचंही एक गेलेलं होतं, फार पूर्वी, आणि तेही तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

अण्णा तसेच उभे. गुरुजींना अशा वेळी काय करतात ते कुणी शिकवलेलं नसतं. त्यांनी कलंडलेला तांब्या उचलून सरळ ठेवला. "काही हरकत नाही. तशीच नेऊ. सतरंजी काय, बसायलाच असते."

हल्ली माझ्याकडं शहरातल्या बाया येतात. गोल बसून वाकळ शिवतो, त्याला त्या 'हीलिंग सर्कल' म्हणतात. गावांमधूनही आम्ही असे गट चालवतो. वाकळीनं माणूस बरा होतो का, असं त्या विचारतात. मी नाही म्हणते. वाकळीनं वहिनी बरी झाली असं मी कधीच म्हणणार नाही. पुढं कितीतरी दिवस ती वाईट होती, मध्येच उठून शेवंताकाकूच्या गोठ्यात जाऊन बसायची. एवढंच, की मान खाली घालून हात चालू असला की तोंडून निघायचं ते निघतं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. बाकी सगळं माणसांनी करायचं असतं. चहा मात्र दोनदा लागतो, हे मी नोंदणीच्या वेळीच सांगून ठेवते.

तर रविवार. वाकळ बाहेर जाणार म्हणून आईनं अण्णांच्या देखत, वहिनीच्या कोपऱ्यात भाकरी-गुळाचा घास घातला आणि टाका मारला. गुळाचा हात जरा सढळच होता. अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास केला. मग ते आणि दादा ते गाठोडं खांद्यावर घेऊन निघाले. विहारात अंथरलं, तर मधोमध मऊ बेट तयार झालं. म्हातारे आधी तिथं धावले. "गुरुजी, आज गादीबिदी?" "पाहुण्यांसाठी," अण्णा म्हणाले. खोटं बोलण्याची सवय नसल्यानं त्यांचे कान लाल झाले.

साहेब आले. वाटेत गाडीच्या धक्क्यांनी त्यांच्या कमरेत उसण भरली होती. लोखंडी खुर्ची बघून त्यांनी तोंड कसंनुसं केलं, आणि सरळ वाकळीवर मांडी घालून बसले. "वा! अशी सोय परभणीतसुद्धा नाही." अण्णांचा जीव भांड्यात पडला. व्याख्यान रंगलं. साहेब बोलायला पट्टीचे. अंगारे, भानामती, करणी, एकेकाचा समाचार घेत गेले. अर्ध्या वाटेवर त्यांनी पोटरी खाजवली. मग मांडी. "म्हणून बंधू-भगिनींनो, कुठल्याही प्रथेला आपण विचारलं पाहिजे, तुला आधार काय..." म्हणत त्यांनी एकदम धोतर झटकलं आणि कोपऱ्याकडं बघितलं. मुंग्यांची रांग भिंतीपासून निघून शिस्तीत वाकळीत शिरत होती आणि साहेबांवरून बाहेर पडत होती.

"गुरुजी, इथं मुंग्या कशा काय?"

अण्णांनी डोळे मिटले. बायकांच्या बाजूनं आईचा आवाज आला, "घास हाय त्यात, साहेब."

"कसला घास?"

"वाकळीचा. उपाशी ठेवत न्हाईत तिला."

साहेबांनी अण्णांकडं बघितलं. लाऊडस्पीकर चालूच होता, त्यामुळे पुढचं वाक्य स्टेशनापर्यंत गेलं. अण्णा उठले, चष्मा ढकलला आणि म्हणाले, "साहेब, तो... तो आमच्याकडच्या वस्त्रकलेचा एक भाग आहे."

आमच्या घरात कलेचं नाव सगळ्यात आधी अण्णांनी घेतलं, हे मी प्रत्येक मुलाखतीत सांगते आणि ते कुणी छापत नाही. साहेब जरा विचारात पडले, "असं, असं," म्हणाले आणि कंबर धरून मुकाट्यानं खुर्चीवर जाऊन बसले. उरलेलं भाषण त्यांनी लवकर आटोपलं.

लोक पांगले. साहेबांना निरोप देऊन अण्णा परतले तोवर वहिनी वाकळीच्या मधोमध बसली होती, हातात ब्लेडचं पातं. एकेक टाका कापून सतरंजी सोडवत होती. बाजूला आई, गयाबाई, शेवंताकाकू. दादा भिंतीला टेकून. तेवढ्यात दारात अप्पा आला. इस्त्रीचा सदरा, हातात रिकामी पिशवी, वहिनीचे कपडे भरायला आणलेली.

"सुनंदा, चल. गाडी हाय आत्ता. आई वाट बघायलीय."

वहिनीनं मान वर केली नाही. "काम चाललंय अप्पा."

"काम ह्या करतील की. तू कामून करायलीस? तब्येत बघ तुझी." मग दादाकडं वळून, "दाजी, तुमी सांगा तिला."

हा आता नेहमीसारखा गप्प बसणार, आणि त्याच्या गप्प बसण्यावर वहिनी उठून जाणार, असं मला दिसायलाच लागलं होतं. दादानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मला वाटतंय तिनं ऱ्हावं," तो म्हणाला. "पर तिला ईचारा."

वहिनीचं पातं थांबलं. तिनं आधी दादाकडं बघितलं, चांगलं निरखून, आणि मग भावाकडं.

"अप्पा, तिकडं तुमी समदे मला लय जपताल. खाऊ घालताल, हसवताल. पर त्याचं नाव काढणार न्हाई कुणी. मी काढलं तर उठून जाताल." तिनं वाकळीवर हात ठेवला. "ह्या बाया कालपासून माझ्या लेकराची वाकळ शिवायल्यात. मी हितंच ऱ्हाते."

चांगला माणूस होता अप्पा, बहिणीसाठीच धावत आला होता. डोळे पुसायला त्यानं खिशात रुमाल शोधला, तो नेमका सापडेना, तेव्हा रिकाम्या पिशवीनंच डोळे पुसले.

"मग मी काय करू?" तो म्हणाला.

"बस. हे टोक धर, ताणून धर, टाका दिसंना गेलाय. आन् पुढच्या खेपंला येताना आईची जुनी लुगडी घेऊन ये. न्यायला मनून येऊ नगंस."

अप्पा बसला. संध्याकाळच्या गाडीपर्यंत त्यानं ते टोक धरून ठेवलं. मग दादा त्याला स्टेशनावर सोडायला गेला आणि अप्पा मानवतला परत गेला, एकटाच.